दर वेळी चासी उलटी कशाला? घरगुती व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी टेस्ट पॉइंट

प्रश्न : सर, तीन महिने खपून मी घरी व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधला. दोन्ही बाजूंना मिळून सिग्नल आधी वाढवणारा एक ईसीसी ८३, प्रत्येक बाजूला स्पीकर चालवणारा एक ईएल ८४, ए.सी.चं डी.सी. करणारा रेक्टिफायर ईझेड ८१. एच.टी. (व्हॉल्व्हना लागणारं उच्च डी.सी. व्होल्टेज) २७० व्होल्ट येते. पहिला अर्धा तास आवाज सुरेख असतो. मग डावी बाजू घसा बसल्यासारखी होते. तानपुऱ्याचा खर्ज आधी जातो. दर वेळी व्हॉल्व्ह काढायचे, चासी (ज्यावर सगळं बसवलंय तो पत्र्याचा सांगाडा) उलटी करायची, व्हॉल्व्ह परत बसवायचे आणि मीटरच्या सुया घेऊन आत शिरायचं. गेल्या आठवड्यात सुई घसरली, ठिणगी उडाली आणि उजव्या बाजूचा कॅथोड रेझिस्टन्स जळाला. म्हणून वरच्या पत्र्यावरच टेस्ट पॉइंट (मीटर लावण्यासाठी बाहेर आणलेल्या जागा) काढायचं ठरवलंय. प्रत्येक ईएल ८४ ची प्लेट, स्क्रीन, ग्रिड आणि कॅथोड, शिवाय ईसीसी ८३ च्या दोन्ही प्लेटी. त्यासाठी डझनभर बनाना सॉकेट आणलेत. बेत बरोबर आहे का? घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून आधी विचारतोय. — एक वाचक, कराड

उत्तर : आधी विचारलंत हे फार बरं केलंत. टेस्ट पॉइंट हवेतच, पण तुमच्या यादीतल्या बहुतेक जागा चुकीच्या आहेत. डझनभर सॉकेट नकोत, सहा पुरतात.

(नव्या वाचकांसाठी : व्हॉल्व्हमध्ये कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, ग्रिड त्यांना आवरते, स्क्रीन ओढते आणि प्लेट गोळा करते.) प्लेट आणि स्क्रीन वर आणायच्या नाहीत. तिथे २७० व्होल्ट उभे असतात. त्यातही गाणं चालू असताना ईएल ८४ ची प्लेट एच.टी.च्या खालीवर झुलते आणि मोठ्या आवाजाला क्षणभर साडेचारशेच्या पुढे जाते. बनाना सॉकेटच्या भोकात चार वर्षांच्या मुलीचं बोट शिरणार नाही, पण हेअरपिन शिरते. ग्रिड वर आणायची नाही त्याचं कारण वेगळं आहे. ग्रिडपाशी ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असतो, म्हणजे ती जागा फार नाजूक. तिला सहा इंच तार जोडलीत की ती तार एरियल होते. कॅथोड तापवणाऱ्या हीटरची घूं उचलते, आणि ईएल ८४ इतका तापट व्हॉल्व्ह आहे की तो स्वतःच शीळ घालू लागतो. मोजण्यासाठी जोडलेली तारच दोष निर्माण करते आणि माणूस तो दोष महिनाभर शोधत बसतो.

सुई घसरण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. मिरजेत वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी शिकलो. एका गणेशोत्सवात एका मंडळाचा ईएल ३४ च्या जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर दुपारी दुकानात आला, संध्याकाळी आरतीला हवा होता. मी चालू स्थितीत स्क्रीनचं व्होल्टेज बघायला सुई लावली. ईएल ३४ च्या बेसवर चार नंबरला स्क्रीन आणि अगदी शेजारी पाच नंबरला ग्रिड. घामेजलेल्या हातातली सुई घसरली आणि दोन्हींच्या मध्ये टेकली. स्क्रीनचे चारशे व्होल्ट सरळ ग्रिडवर गेले. प्लेट लालभडक झाली, आणि फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळलेली असल्याने फ्यूजही उडाला नाही. मी बटणापर्यंत पोहोचेस्तोवर व्हॉल्व्ह गेला होता, आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमधून वार्निशचा धूर येत होता. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दहा ओहमचे रेझिस्टन्स मूठभर आणून दिले आणि म्हणाले, यापुढे आधी हे लाव. तेव्हापासून मी बांधलेल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते आहेत.

ते कुठे लावायचे हा या उत्तराचा गाभा आहे, तेव्हा चित्र डोळ्यांपुढे आणा. तुमच्या ईएल ८४ च्या कॅथोडला, म्हणजे तीन नंबरच्या पिनेला, १३० किंवा १३५ ओहमचा रेझिस्टन्स असणार आणि त्याला समांतर २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. दोघांची खालची टोकं आत्ता चासीला जोडलेली आहेत. ती चासीवरून सोडवा, एकमेकांना जोडा, आणि त्या जोडापासून चासीपर्यंत १० ओहम, एक टक्का, अर्ध्या वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टन्स टाका. पुष्कळजण १० ओहम कॅथोडच्या बाजूला, कंडेन्सरच्या वर घालतात. तसं करू नका. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स दोघांचा मिळून प्रवाह त्या दहा ओहमातून गेला पाहिजे. का, ते पुढे येतंच.

आता दोन टेस्ट पॉइंट घ्या. पहिला कॅथोडवरून, मध्ये १० किलोओहम घालून. दुसरा दहा ओहमच्या वरच्या टोकावरून, मध्ये १ किलोओहम घालून. हे मधले रेझिस्टन्स व्हॉल्व्हच्या बेसच्या जवळ बसवा, टेस्ट पॉइंटच्या सॉकेटजवळ नाही. मग सॉकेटपाशी काहीही शॉर्ट झालं तरी व्हॉल्व्हचा बायस (कॅथोडच्या मानाने ग्रिडचं ऋण व्होल्टेज) हलत नाही. डिजिटल मीटर १० मेगओहमचा असतो, त्याच्या वाचनात १० किलोओहममुळे हजारात एकाचा फरक पडतो. २०,००० ओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावलात तर मात्र पाच टक्के कमी दिसेल, हे धरून चला.

ईएल ८४ चा तक्ता सांगतो : प्लेटवर २५० व्होल्ट, स्क्रीनवर २५० व्होल्ट, प्लेटचा प्रवाह ४८ मिलिअँपियर, स्क्रीनचा साडेपाच, बायस ७.३ व्होल्ट. कॅथोडमधून दोन्ही प्रवाह एकत्र जातात. त्यामुळे निरोगी बाजूच्या पहिल्या पॉइंटवर साधारण साडेसात व्होल्ट आणि दुसऱ्यावर अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे. दहा ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर, गुणाकार-भागाकार नको. मात्र पन्नास मिलिअँपियरच्या आसपास तुमचा व्हॉल्व्ह आपल्या बारा वॉटच्या कमाल मर्यादेला टेकलेलाच असतो, त्याच्यापाशी शिल्लक काही नसते. म्हणून डावी बाजू थोडी चढली तरी आवाजात कळतं.

एकट्या कॅथोडच्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. ते माणसाला फसवतं. समजा पहिल्या पॉइंटवर जवळपास शून्य दिसलं. पुस्तकात लिहिलेलं असतं, व्हॉल्व्ह चालत नाही. पण कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तरी तिथे जवळपास शून्यच दिसतं, आणि तेव्हा व्हॉल्व्ह मेलेला नसतो, बायसच गेल्यामुळे भरमसाट प्रवाह ओढत असतो. ज्याने शून्य बघून "नवा व्हॉल्व्ह घालू" म्हटलं, त्याचा नवाही जातो. खालचा दहा ओहम इथे खरं बोलतो. वर आणि खाली दोन्हीकडे सारखाच, एक व्होल्टच्या आसपासचा आकडा, म्हणजे कंडेन्सर शॉर्ट. ताबडतोब बंद करा. वर शून्य आणि खालीही शून्य, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये खरोखर प्रवाह नाही. हीटर पेटलाय का, स्क्रीनला व्होल्टेज पोहोचतंय का ते बघा. वर वीस-तीस व्होल्ट आणि खाली शून्य, म्हणजे १३५ ओहम जळून ओपन झालाय आणि २५ व्होल्टचा बिचारा कंडेन्सर आता फुगणार. दहा ओहम कंडेन्सरच्या वर घालू नका म्हटलं ते हा निवाडा सरळ व्हावा म्हणून. वर घातला तर प्रवाहासाठी दोन जागांमधला फरक मोजत बसावं लागतं.

तुमच्या डाव्या बाजूचा मला जो संशय आहे त्यात दोन्ही पॉइंट एकत्र चढतील. सुरुवातीला साडेसात आणि अर्धा, अर्ध्या तासाने साडेनऊ आणि ०.६५. हे ६५ मिलिअँपियर झाले, आणि ईएल ८४ च्या कॅथोडची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच आहे. एवढा प्रवाह सिंगल एंडेड, म्हणजे एकाच व्हॉल्व्हच्या, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला सोसत नाही, तो चुंबकाने भरून जातो आणि खालचे स्वर आधी गुदमरतात. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या शेजारात वाढल्यामुळे मला जवारी लागलेला तानपुरा कानात बसलाय. तुम्ही "खर्ज आधी जातो" लिहिलंत तेव्हाच प्रवाह चढतोय असं वाटलं.

प्रवाह चढण्याची कारणं मुख्यतः दोन. व्हॉल्व्हच्या आत वायू शिरून ग्रिडमधून प्रवाह वाहतो, किंवा ईसीसी ८३ च्या प्लेटवरून ग्रिडला सिग्नल पोहोचवणारा आणि डी.सी. अडवणारा कपलिंग कंडेन्सर लीक असतो. कोणतं ते चासी न उघडता ठरवता येतं, आणि टेस्ट पॉइंटचं खरं मोल इथे आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या, डाव्या-उजव्या ईएल ८४ ची अदलाबदल करा, परत चालू करून अर्धा तास थांबा. चढते आकडे उजवीकडे गेले तर व्हॉल्व्ह दोषी. डावीकडेच राहिले तर कंडेन्सर. (तुमच्याकडे जुन्या बाजारातले 'बेल'चे व्हॉल्व्ह असतील तर लगेच टाकू नका. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली आणि त्यांचे ईएल ८४ मी स्वतः वर्षानुवर्षं चालताना पाहिलेत.)

कंडेन्सर काढून ओहमच्या रेंजवर तपासाल तर तो चांगलाच वाटेल, तेव्हा त्या तपासणीवर जाऊ नका. हिशेब करून बघा. ईसीसी ८३ ची प्लेट १६० व्होल्टवर, ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम, आणि कंडेन्सरची गळती फक्त २० मेगओहमची. एवढ्यानेही ग्रिडवर सुमारे पावणेचार व्होल्ट येतात. बायसच सात-साडेसातचा, त्यातले पावणेचार उलट्या दिशेने आले तर प्रवाह साठीच्या पुढे जाणारच. हातातला मीटर २० मेगओहम जेमतेम दाखवतो, आणि तोही दोन-तीन व्होल्ट लावून, थंड कंडेन्सरवर. गळती उघडी पडते ती भर व्होल्टेजला आणि उष्णतेत. तेव्हा ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर दोन्ही बाजूंना नवेच घाला. हा खर्च व्हॉल्व्हच्या मानाने काहीच नाही.

एच.टी. मात्र बघायला मिळाली पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे आकडे एकदम उतरले तर दोष रेक्टिफायरकडे किंवा मेन्सकडे असतो. ती सरळ वर आणायची नाही, शंभराने भागून आणायची. ४७०, ४७० आणि ४७ किलोओहम एकापुढे एक जोडा, हे झाले ९८७. त्याखाली चासीपर्यंत १० किलोओहम. मधल्या सांध्यावर २७० चे २.७ व्होल्ट मिळतात. वरचे रेझिस्टन्स अर्ध्या वॉटचे घ्या. उष्णतेसाठी नाही, व्होल्टेज सोसण्यासाठी. पाव वॉटचा छोटा रेझिस्टन्स साधारण २५० व्होल्टच सहन करतो, म्हणूनच तीन तुकडे केलेत. आणि खालचा १० किलोओहम एकच घालू नका. २० किलोओहमचे दोन समांतर लावा, त्यांचे डाग (सोल्डरचे जोड) वेगवेगळे द्या. एकच असता आणि त्याचा डाग सुटला, तर सॉकेटवर एच.टी. उभी राहते. वरच्या मेगओहममुळे ती जीव घेणार नाही, पण झटका बसेल. दोनांतला एक सुटला तर आकडा दुप्पट, ५.४ दिसतो आणि तुम्हाला इशारा मिळतो. मुलीच्या घरात ही दहा मिनिटांची जास्तीची मेहनत मी तुमच्याकडून मागून घेतोय.

एच.टी. गुळगुळीत करणाऱ्या पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टन्स कायमचा आहे ना? नसेल तर आजच लावा. दोन्ही फिल्टर ४७ मायक्रोफॅरडचे धरले तर व्हॉल्व्ह काढलेले असतानाही साधारण सव्वा मिनिटात २७० चे १० व्होल्ट होतात. एच.टी.च्या पॉइंटवर ०.१ दिसेपर्यंत तळाचा पत्रा उघडायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. तो आकडा उतरताना बघणं हे या पॉइंटचं दुसरं काम.

सॉकेट वरच्या पत्र्यावर नको, मागच्या बाजूला, आत बुडालेले, दोन मिलिमीटरचे; आणलेले बनाना सॉकेट डब्यातच राहू द्या. मीटरच्या निगेटिव्ह सुईचा काळा सॉकेट पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या निगेटिव्ह टोकाला न्या, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला नाही. नाहीतर अर्ध्या व्होल्टच्या वाचनात जमिनीच्या तारेवरचा फरक मिसळतो. चासीला तीन पिनी प्लगमधून अर्थ हवंच. भोकं पाडण्यापूर्वी व्हॉल्व्ह काढा आणि आत ओलं फडकं पसरा, पत्र्याचा कीस बेसच्या पिनांमध्ये अडकतो.

एक वही करा. तारीख, मेन्सचं व्होल्टेज, एच.टी., दोन्ही बाजूंचे दोन-दोन आकडे. चालू केल्यावर पाच मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी. मेन्सचा आकडा लिहायला विसरू नका. आपल्याकडे संध्याकाळी २१० आणि मध्यरात्री २४५ ही नवलाई नाही, आणि तेवढ्या फरकाने एच.टी. चाळीसेक व्होल्टनी हलते. मेन्स न लिहिता ठेवलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. डाव्या बाजूचे पाच आणि तीस मिनिटांचे आकडे मला कळवा. दोष व्हॉल्व्हचा निघाला की कंडेन्सरचा, हे वाचायला मला मनापासून आवडेल.

प्रश्न : आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मी अ‍ॅम्प्लिफायर म्हणून वापरते. यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ असे दोन व्हॉल्व्ह आहेत. मागे टेस्ट पॉइंट काढता येतील का? आत मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाही. कृपया त्याला काहीही बाहेर काढू नका, आणि फोन किंवा सीडी प्लेअरची तारही आजपासून लावू नका. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपियरच्या हीटरचे असतात, ते एकापाठोपाठ एक जोडून सरळ मेन्सवर चालतात. मेन्स ट्रान्सफॉर्मर नसल्याने चासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की सगळा पत्रा २३० व्होल्टवर, आणि तुमचा काळा टेस्ट पॉइंटही. लाकडी पेटी, बॅकेलाइटची बटणं आणि मागचा पुठ्ठा हेच त्या सेटचं संरक्षण होतं. बटणाचा छोटा स्क्रूसुद्धा मेणाने बुजवायची पद्धत होती. तो सेट वापरायचाच असेल तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच चालवा, आणि तो बसवायचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

प्रश्न : ईसीसी ८३ च्या प्लेटवर नकाशाप्रमाणे १६० व्होल्ट हवेत. माझ्या जुन्या काट्याच्या मीटरवर १२५ दिसतात, शेजाऱ्यांच्या डिजिटलवर १५९. व्हॉल्व्ह बदलू का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. तुमच्या मीटरच्या तबकडीवर खाली १,००० ओहम प्रति व्होल्ट लिहिलेलं असणार. २५० च्या रेंजवर तो अडीचशे किलोओहमचा रेझिस्टन्स होऊन बसतो आणि प्लेटवरचं व्होल्टेज स्वतःच खाली ओढतो. २०,००० ओहमवाला मीटर असता तर १५८ दिसले असते. तुमचा मीटर मेन्स, हीटर आणि फिल्टर कंडेन्सरवरची एच.टी. अगदी नीट मोजेल, तिथे त्याच्या ओढण्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह उलटसुलट ओढतात त्या जोडणीत) दोन ईएल ८४ चा कॅथोड रेझिस्टन्स एकच आहे. जोडी जुळलेली आहे का हे कसं कळेल? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सामाईक रेझिस्टन्स दोघांची बेरीज सांगतो, भांडण सांगत नाही. तो तसाच राहू द्या. प्रत्येक कॅथोड आणि त्या सामाईक जोडाच्या मध्ये एक-एक १० ओहम घाला. इथे कंडेन्सर सामाईक असल्याने वरची जागाच बरोबर. दोन्ही कॅथोडवरून १० किलोओहममधून दोन पॉइंट घ्या आणि मीटर चासीला न लावता या दोघांच्या मध्ये लावा. जे मिलिव्होल्ट दिसतील त्याचा दहावा भाग म्हणजे दोन व्हॉल्व्हमधल्या मिलिअँपियरचा फरक. ३० मिलिव्होल्ट, म्हणजे तीनचा फरक. मी तिथपर्यंत चालवून घेतो. पुश-पुलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हवेची फट ठेवलेली नसते, म्हणून फरक तीनच्या पुढे गेला तर व्हॉल्व्ह शोधत जुन्या बाजारात जावं.